आभार भाषणात धरत नाहीत

नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी माझी बायको गेली. ती कामावर होती. मीही कामावर होतो. आधी तिच्या प्रयोगशाळेतून फोन आला, नंतर हॉस्पिटलमधून. मी पोहोचलो तेव्हा डॉक्टर दाराबाहेर उभे होते. त्यांनी सांगितलं. मी मुलीला फोन केला, मग पुण्याला आईला केला.

त्या गुरुवारबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही. मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात तयार झालेल्या एका भाषणाबद्दल. ते भाषण तिने लोकांसमोर एकदाच केलं आणि ते अपुरं राहिलं. शेवटचा परिच्छेद हॉलमधल्या कोणी ऐकला नाही. तो मी ऐकला होता, रोज, कांदा चिरता चिरता.

आमचं गाव जर्मनीत, ब्योब्लिंगेनपासून जवळ आहे. मी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीयर आहे. गाडीचं दार लावताना कसा आवाज यावा, हे ठरवणाऱ्या विभागात मी बरीच वर्षं काम करतो. दार पत्र्यासारखं वाजलं तर गिऱ्हाइकाला गाडी हलकी वाटते. आवाज खोल, एकदाच येऊन थांबणारा हवा. बंद खोलीत बसून तेच दार पुन्हा पुन्हा लावायचं आणि ऐकायचं, हे माझं काम. ती लोकांना सांगायची, "आमच्या ह्यांना दारं आपटायचा पगार मिळतो." बाकी मी फार बोलत नाही. संध्याकाळी पुस्तक घेऊन बसतो. बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं.

ती अकोल्याची. वस्तीतल्या विहारासमोर एप्रिलमध्ये जयंतीचा मंडप पडायचा, तिथे ती चौथी-पाचवीत असल्यापासून भाषणं करायची. वक्तृत्व स्पर्धांची बक्षिसं म्हणून मिळालेल्या स्टीलच्या डब्यांपैकी एक ती इथपर्यंत घेऊन आली होती. त्यात आमची साखर असते. तिचे आजोबा मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून शाळा उघडायच्या आधीच रांगेत उभे राहत आणि परत आल्यावर बोटावरची शाई सगळ्या नातवंडांना दाखवत. ही गोष्ट तिने मला लग्न ठरताना सांगितली होती. दुसरी मुलगी आवडीनिवडी सांगते तशी.

म्हणून इथलं नागरिकत्व घेण्याची वेळ आली तेव्हा तिने फार विचार केला नाही. भारतीय पासपोर्ट परत करून आली त्या दिवशी जेवली नाही, पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मत नसलेल्या माणसाने घर विकत घेतलं तरी तो भाड्यानेच राहतो." मी माझा पासपोर्ट ठेवला. आई तिकडे एकटी होती, आणि दोघांतल्या एकाने तरी तिकडचं राहावं असं मला वाटायचं. ती म्हणायची, "तुम्ही दोन्हीकडचे पाहुणे." यावर आमचं भांडण कधी झालं नाही. फक्त मतदानाच्या रविवारी ती शाळेत आत जायची आणि मी बाहेर सायकली धरून उभा राहायचो.

नागरिक झाल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे राटहाउसमध्ये, म्हणजे गावाच्या कचेरीत, शॉफिन होण्यासाठी नाव दिलं. इथल्या कोर्टात काही खटल्यांत न्यायाधीशाच्या दोन बाजूंना दोन साधी माणसं बसतात. कायदा शिकलेली नसली तरी चालतात, पण निकालात त्यांच्या मताला न्यायाधीशाच्या मताइतकंच वजन. गावं नावं सुचवतात, कोर्टाची समिती त्यांतून निवडते. तिची निवड झाली. आईला फोनवर हे समजावताना पुरेवाट झाली.

"म्हणजे तू जज्ज झालीस?"

"अर्धी."

"वकिलीची परीक्षा न देता?"

"हो आई. इथे म्हणतात, शिकलेल्या माणसाशेजारी शहाणं माणूसही बसवावं."

"मग तुझ्या नवऱ्याला नाही बोलावलं ते बरोबर आहे," आई म्हणाली.

कोर्टातून आली की ती गप्प असायची. आत काय चर्चा झाली हे घरी सांगायचं नाही, असा नियम होता आणि ती नियम पाळायची. अशा दिवशी शेगडी घासायची. शेगडी चकचकीत दिसली की मी ओळखायचो, आज कोर्ट होतं. एवढंच एकदा म्हणाली, "लोक वाईट कमी असतात हो. गोंधळलेले जास्त असतात."

ते गोंधळलेले लोक आमच्या स्वयंपाकघरातही यायचे. सरकारी पत्र आलं, कळलं नाही, की कोणीतरी तिला विचारायला यायचं. आधी आपली मराठी मुलं, नवीन आलेली, नंतर त्यांच्या ओळखीने कोणीही. सगळ्यात भीती पिवळ्या पाकिटाची. इथे कोर्टाची आणि दंडाची पत्रं पिवळ्या पाकिटातून येतात. पोस्टमन पाकिटावर तारीख घालून ते पेटीत टाकतो आणि त्या तारखेपासून मुदत सुरू होते. तुम्ही वाचलं की नाही याच्याशी कोणाला कर्तव्य नसतं. ती चष्मा लावून पत्र वाचायची, मग समोरच्याला चहा द्यायची, मग सांगायची. आधी चहा का, असं मी विचारलं तर म्हणाली, "घाबरलेल्या माणसाला ऐकू येत नाही."

पक्षात ती आधीपासून होती. कोणता पक्ष, ते इथे महत्त्वाचं नाही. सभेआधी खुर्च्या मांडणारी, सभेनंतर कप धुणारी, बाजारात शनिवारी छत्रीखाली पत्रकं वाटणारी. राज्याच्या विधानसभेची निवडणूक पुढच्या वसंतात होणार होती. तेव्हा पक्षातल्या दोघांनी तिला सुचवलं की आपल्या मतदारसंघातून तू नाव का देत नाहीस. तिने आठवडाभर वेळ घेतला. मग एका सकाळी पोळ्या लाटताना म्हणाली, "अहो, मी उभी राहते."

"राहा की," मी म्हणालो.

"हरले तर?"

"तर खुर्च्या आवरायला आपण असूच."

तिला जिंकायचं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर भेटायला आलेले बरेच जण म्हणाले की तिने हौसेने, अनुभवासाठी भाग घेतला असेल. तसं नव्हतं. तिला स्टुटगार्टला विधानसभेच्या त्या सभागृहात बसायचं होतं आणि तिथे बसून एक काम करायचं होतं. ते काम तिच्या भाषणाच्या शेवटच्या परिच्छेदात होतं.

आईला परत फोन झाला.

"तिकीट मिळालं का?" आईचा पहिला प्रश्न.

"इथे तिकीट वरून कोणी देत नाही हो आई. मतदारसंघातले पक्षाचे सभासद एका हॉलमध्ये जमतात. उभं राहणाऱ्यांनी दहा-दहा मिनिटं बोलायचं. मग सभासद चिठ्ठीवर मत देतात. ज्याला जास्त मतं, तो पक्षाचा उमेदवार. खरी निवडणूक पुढच्या वर्षी."

"म्हणजे निवडणुकीच्या आधी निवडणूक."

"गेनाऊ," ती म्हणाली, आणि मग, "हो हो, तसंच."

"आणि चिन्ह काय मिळालं?"

"चिन्ह नसतं इथे."

"अगं, मग लोकांनी शिक्का कशावर मारायचा?"

"नाव वाचून खूण करतात."

आई म्हणाली, "तुझं नाव वाचता येईल त्यांना?"

आम्ही हसलो. आई पण हसली.

भाषण तिने कागदावर लिहिलं नाही. ती लहानपणापासून अशीच तयार करायची, बोलून बोलून. कामावरून आल्यावर कुकर लावायचा, वरणाचं पातेलं ठेवायचं आणि शेगडीकडे पाठ करून सुरुवात करायची. मी ओट्याशी भाजी चिरत बसायचो. ओव्हनच्या घड्याळावर दहा मिनिटं लावायचं काम माझं. जर्मनमध्ये बोलायचं होतं, आणि तिच्या जर्मनला अकोल्याचा हेल होता. तो मी कुठेही ओळखला असता. पहिल्या भागात ती कोण, दुसऱ्यात बससेवा आणि घरभाडी, तिसऱ्यात शाळा. शेवटी तो परिच्छेद. त्या परिच्छेदाच्या मध्यावर वरण उतू जायची वेळ व्हायची. ती एक वाक्य संपवायची, मागे वळून आच कमी करायची, परत वळायची आणि पुढचं वाक्य बोलायची. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की वरण नसतानाही ती तिथे तेवढंच थांबते.

"इथे थांबतेस ते चांगलं वाटतं," मी म्हणालो.

"माहीत आहे. वरणाने शिकवलं."

मुलगी लुडविग्सहाफेनला केमिस्ट आहे. एका शनिवार-रविवारी ती आली होती. आईचं भाषण पूर्ण ऐकून ती जर्मनमध्ये म्हणाली, "ममा, तू शाळेच्या स्पर्धेत बोलल्यासारखी बोलतेस. हात कमी हलव." मुलीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन.

"स्पर्धाच आहे ती," बायको मराठीत म्हणाली.

"आणि सुरुवात? एकदम विषयावर येतेस. नमस्कार वगैरे?"

"ते म्हणायचं असतंच. त्याची काय प्रॅक्टिस करायची?"

मीही मान हलवली. आम्हा दोघांना ते इतकं उघड वाटलं की पुढे कोणी बोललं नाही. आपल्याकडे भाषणाआधी मान्यवरांचं नाव घेणं, आयोजकांचे आभार मानणं हे भाषणात धरतच नाहीत. पायऱ्या चढणं कोणी नाटकात धरत नाही, तसं. ओव्हनचं घड्याळ रोज बरोबर तिच्या शेवटच्या शब्दावर वाजायचं आणि आम्ही खूश व्हायचो.

सभा एका शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या गावातल्या हॉलमध्ये होती. दारात टेबल. ज्यांना या मतदारसंघात मत आहे, त्या सभासदांना रंगीत कार्ड आणि पुढच्या खुर्च्या. बाकीच्यांना पाहुणे म्हणून शेवटची रांग. टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, यादीत पाहिलं, आणि शरमल्यासारखं हसून मागे बोट दाखवलं. त्या रांगेत मी, स्थानिक पेपरचा वार्ताहर, आणि कोणाची तरी म्हातारी बहीण असे तिघे होतो. बायको पुढे बसली होती, निळ्या ड्रेसवर आईने दिलेली शाल घेऊन. एकदा मागे वळून तिने मला शोधलं आणि डोळ्यांनीच विचारलं, शाल ठीक आहे ना. मी मान हलवली.

उमेदवार दोनच. ती आणि एक वकीलबाई. वकीलबाई पक्षात जुन्या, वडिलांपासून. दोघींची ओळख चांगली. हिवाळ्यात सभा संपली की त्याच तिला गाडीतून घरी सोडायच्या. चिठ्ठी टाकली तेव्हा आधी बोलायची पाळी हिची आली.

ती उभी राहिली, माइक थोडा खाली केला आणि सुरुवात केली. अध्यक्षांचे आभार. जिल्हा कमिटीचे आभार. हॉल दिल्याबद्दल गावाचे. मतं मोजायला बसणार होते त्या तिघांचे, नावं घेऊन. दुपारी खुर्च्या लावणाऱ्या बायकांचे, त्यांचीही नावं घेऊन. मग ती वकीलबाईंकडे वळली आणि म्हणाली की थंडीत मला यांनी किती वेळा घरी सोडलं आहे, आज आम्ही एकमेकींसमोर उभ्या आहोत तरी परत जाताना गाडी एकच असेल. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग सगळे गेल्यावर दिवे बंद करणार होता त्या हाउसमाइस्टरचे, म्हणजे हॉल सांभाळणाऱ्या माणसाचे. तो दारात उभा होता. चमकून बघायला लागला.

मी आधी आनंदाने ऐकत होतो. मग सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिथून अध्यक्षांच्या टेबलाकडे. टेबलावरचं वेळ मोजायचं छोटं घड्याळ पहिल्या शब्दापासून चालू होतं. इथे ते भाषणातच धरतात.

ती आभार संपवायच्या बेतात होती. मग तिने मान उंच करून शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "आणि जे मागे बसले आहेत, ज्यांना आज मत नाही, आणि तरी जे आले, त्यांचे मी सगळ्यात जास्त आभार मानते." वार्ताहराला वाटलं ते त्याच्यासाठी आहे. त्याने मान लववली.

त्यानंतर ती विषयावर आली. छान बोलली. बसबद्दल बोलताना लोक माना हलवत होते. शाळांच्या भागात ती जरा घाई करते आहे असं मला वाटलं, म्हणजे तिलाही अंदाज आला असावा. पण ती न गाळता बोलत राहिली, कारण पाठ केलेलं मधून गाळता येत नाही. तिने श्वास घेतला, आता तो परिच्छेद सुरू होणार, आणि अध्यक्षांनी टेबलावरची पितळी घंटा वाजवली.

ती बोलायची थांबली. "डांके," म्हणजे धन्यवाद, एवढंच म्हणाली, हात जोडले आणि जाऊन बसली.

हॉलमध्ये क्षणभर कोणी टाळी वाजवली नाही. लोकांना वाटलं, अजून काहीतरी येणार आहे. मग टाळ्या वाजल्या, भरपूर वाजल्या.

नंतर वकीलबाई बोलल्या. घंटा वाजली तेव्हा त्यांनी हात वर केला, "एकच वाक्य," असं म्हणाल्या, आणि एक वाक्य, मग अजून एक, मग अजून बरीच. कोणाला त्यात काही वाटलं नाही. इथे घंटेचा अर्थ एवढाच आहे: आवरतं घ्या. शेवट लक्षात राहण्यासारखा झाला. मग प्रश्नोत्तरं, मग चिठ्ठ्या. वकीलबाई निवडून आल्या. फरक मोठा नव्हता, पण माझ्या एका मताने भरून निघेल इतका लहानही नव्हता. हे मी लिहून ठेवतो, कारण मला हा प्रश्न विचारला गेला आहे.

इथे प्रत्येक मतदारसंघात उमेदवाराबरोबर एक बदली उमेदवारही निवडतात. पहिल्याला काही झालं तर या दुसऱ्याने जागा घ्यायची. वकीलबाईंनी स्वतःच हिचं नाव सुचवलं. हात वर करून सगळ्यांनी ते मान्य केलं. ती हसत उभी राहिली आणि परत हात जोडले.

ती म्हणाली होती त्याप्रमाणे आम्ही वकीलबाईंच्या गाडीतूनच आलो. घरात आल्यावर तिने शाल घडी करून ठेवली आणि माझ्यासमोर बसली.

"पहिली घंटा केव्हा झाली? मला ऐकूच आली नाही."

"पहिली नव्हती. एकच होती."

"असं कसं? पहिली सूचनेची, दुसरी थांबायची."

"इथे एकच. आणि तीही सूचनेची."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "दुसऱ्या घंटेनंतर एक शब्द जरी बोललं तरी मार्क कापायचे आमचे सर," ती म्हणाली. "मार्क वाचवले मी." मग पदराने डोळे पुसावेत तसं शालीने पुसले. "आभार जरा जास्तच झाले का हो?"

"नाही."

"खरं सांगा."

"एकही कमी करण्यासारखा नव्हता."

तिने ते तपासून पाहिलं असावं, कारण थोड्या वेळाने म्हणाली, "नव्हताच."

"स्वतःला मत दिलंस ना?" मी विचारलं.

"गुप्त मतदान असतं," ती म्हणाली आणि शेगडी घासायला उठली.

त्यानंतर ते भाषण तिने केलं नाही. स्वयंपाक करताना परत मराठी गाणी सुरू झाली. एक-दोनदा मी म्हटलं, तो शेवट म्हण ना एकदा. "आता कशाला?" ती म्हणायची. "आता कोणाला पाडायचं आहे?" मी परत मागितलं नाही. पुढे म्हणेल कधीतरी, असं वाटलं होतं.

मग नोव्हेंबर आला.

गावाच्या दफनभूमीतल्या हॉलमध्ये, पत्रं घेऊन घरी येणाऱ्या मराठी मुलांनी त्रिसरण, पंचशील म्हटलं. पक्षातले लोक पाठ न येणाऱ्या प्रार्थनेला उभं राहतात तसे हात पुढे बांधून उभे होते. खुर्च्या लावणाऱ्या त्या बायकाही आल्या होत्या. आमच्या इमारतीत आठवड्याने आठवड्याने जिना झाडायची पाळी असते, केअरवोखे म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. ती गेल्यानंतरच्या आठवड्यात पाटी आमच्या दारावर असायला हवी होती. शेजाऱ्यांनी न विचारता ती पुढच्या दारावर नेली. ते पाहून मला इतकं एकटं वाटलं की मी जाऊन ती परत आणली आणि जिना झाडला.

काही दिवसांनी वकीलबाईंचा फोन आला. बदली उमेदवार म्हणून दुसरं नाव घ्यावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून फोन केला, म्हणाल्या. पहिल्याला काही झालं तर दुसऱ्याने जागा घ्यायची, अशी ती सोय होती. मी ठीक आहे म्हणालो.

मार्चमध्ये निवडणूक झाली. त्या रविवारी मी सवयीने शाळेपर्यंत चालत गेलो आणि थोडा वेळ सायकलींच्या स्टँडजवळ उभा राहिलो. आत माझं काही काम नव्हतं. वकीलबाई निवडून आल्या.

नंतर मे महिन्यात, बाजारात रुबार्बाचे आंबट देठ येतात त्या दिवसांत, त्या एका शनिवारी दुपारी घरी आल्या. बरोबर त्यांनी केलेला केक होता. मी चहा केला, साखरेचा स्टीलचा डबा पुढे ठेवला. त्या डब्याकडे बघत होत्या. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाल्या, "तुम्हाला एक विचारायचं आहे. त्या संध्याकाळी घंटा झाली आणि ती थांबली. पण तिने श्वास घेतला होता. पुढे काहीतरी होतं ना?"

"होतं."

"मला तेव्हाच कळलं होतं. प्रश्नोत्तरांत मी विचारायला हवं होतं, तुला अजून काय सांगायचं होतं म्हणून. विचारलं नाही. मला जिंकायचं होतं." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्हाला माहीत आहे ते?"

मी हो म्हणालो. पण तो परिच्छेद एवढी एकच गोष्ट अशी होती, जी तिने माझ्याशिवाय कोणाला दिली नव्हती. तिचे कपडे मुलीने आणि मी वाटून टाकले होते, पुस्तकं वाचनालयाला गेली होती. हे मी कुठे ठेवलंय कोणाला माहीत नव्हतं. दुसरीकडे, ती हे माझ्यासाठी बोलत नव्हती. मी भाजी चिरणारा होतो. ती त्या हॉलसाठी बोलत होती, आणि हॉलमधलं एक माणूस विचारायला माझ्या घरी आलं होतं.

बसून म्हणता येईना. मी उठलो, शेगडीकडे पाठ करून उभा राहिलो आणि तिच्या जर्मनमध्ये म्हटलं. मराठीत ते साधारण असं होईल:

"मी तुमची भाषा पिवळ्या पाकिटांतून शिकले. आधी माझ्या, मग माझ्या स्वयंपाकघरात आणून दिलेल्या दुसऱ्यांच्या. आता मी कोर्टात न्यायाधीशांच्या शेजारी बसते. समोर बसलेल्या माणसाला विचारतात, तुम्हाला आमचं पत्र मिळालं नव्हतं का? तो म्हणतो, मिळालं होतं."

इथे मी थांबलो. मागे वळलो नाही, पण तेवढाच थांबलो.

"पत्र पोहोचतं आणि पत्र समजतं, यांच्या मधल्या जागेत माणसं पडतात. ज्याला बोलावलं आहे, त्याला आपल्याला बोलावलं आहे हे कळावं, असं सरकारने लिहावं. एवढ्यासाठी मला स्टुटगार्टला पाठवा."

वकीलबाईंनी वही काढली नाही, फोन काढला नाही. त्या म्हणाल्या, "परत एकदा म्हणाल का?" मी परत म्हटलं. मग त्यांनी विचारलं, हे मी तिथे बोलले तर चालेल का. मी म्हणालो, ते तिथेच बोलायचं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्या सभागृहात बोलल्या. मुलगी आली होती; आम्ही दोघांनी लॅपटॉपवर पाहिलं. विषय दुसराच होता, सरकारी कचेऱ्यांचं काहीतरी. शेवटाकडे येऊन त्या म्हणाल्या, माझ्या मतदारसंघातली एक सहकारी, जी आता नाही, म्हणायची की पत्र पोहोचतं आणि पत्र समजतं यांच्या मधल्या जागेत माणसं पडतात. नंतर त्या थांबल्या नाहीत, सरळ पुढच्या वाक्यावर गेल्या. समोर वेळ संपल्याचा लाल दिवा लागला होता, तरी त्यांनी आणखी दोन वाक्यं बोलून घेतली.

मुलीने लॅपटॉप बंद केला. मग ती मराठीत म्हणाली, "बाबा, आईने काय काय म्हटलं होतं सगळं? मी तिथे नव्हते."

"भाषण तुला माहीत आहे. तू ऐकलंस घरी."

"ते नाही. आधीचं. आभार."

मी आठवायला लागलो. अध्यक्ष, कमिटी, गाव. मतं मोजणारे तिघे; त्यांतली दोन नावं आठवली. खुर्च्या लावणाऱ्या बायका. किती होत्या ते आठवेना. वकीलबाईंची गाडी आठवली. हाउसमाइस्टर आठवला, पण तिने त्याला नेमकं काय म्हटलं ते नाही. दाराचा आवाज मी एकदा ऐकला तर वर्षांनी ओळखतो. हे मी एकदाच ऐकलं होतं, आणि तेव्हा घड्याळाकडे बघत होतो.

भाषण मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे. आभारांमधलं फक्त शेवटचं वाक्य राहिलं आहे, मागच्या रांगेबद्दलचं.